रेस लटकून राहते, आयडल वर-खाली होतं: कार्बवाल्या बाईकचा एअर लीक शोधायचा कसा आणि नीट बंद करायचा कसा

तुम्ही लिहिलंय की इंजिन थंड असताना चोकशिवाय गाडी उभी राहत नाही, दहा मिनिटं चालवली की आयडल आपोआप दोन हजाराच्या वर जातं, ॲक्सिलेटर सोडला तरी रेस पाच-सहा सेकंद वरच लटकते आणि उताराला गिअरमध्ये सोडली की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. दोनदा कार्ब (कार्ब्युरेटर) साफ केला, पायलट जेट (आयडलला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पार्ट) एक नंबर मोठा टाकला, तरी फरक नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, आता कार्बला हात लावू नका. कार्ब आणि हेडच्या (सिलिंडरच्या वरच्या भागाच्या) मध्ये कुठेतरी गाडी बाहेरची हवा खेचतेय, आणि ती फट सापडत नाही तोपर्यंत जेट आणि स्क्रूचे जितके प्रयोग कराल तितका गुंता वाढत जाणार. टाकलेला मोठा पायलट जेटसुद्धा काढा आणि कंपनीचा जो नंबर होता तोच परत बसवा, कारण फट बंद झाल्यावर हाच मोठा जेट गाडी काळा धूर मारायला लावेल आणि मग तुम्ही उलट दिशेला शोधत बसाल.

आधी हे होतं कसं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या टेस्ट पाठ कराव्या लागणार नाहीत. आयडलला बटरफ्लाय किंवा स्लाइड, म्हणजे कार्बमधली हवेची वाट उघडझाप करणारी चकती किंवा सरकती झडप, जवळजवळ बंद असते आणि पिस्टन खाली जाताना तिच्या मागे जोरदार खेच तयार होते. १५० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन १४०० आरपीएमला मिनिटात ७०० वेळा हवा आत घेतं, प्रत्येक वेळी सिलिंडर पूर्ण भरलं असतं तर ती १०५ लिटर झाली असती, पण वाट बंद असल्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या बरीच कमी जाते. तेच इंजिन फुल थ्रॉटलला ८००० आरपीएमवर मिनिटाला ६०० लिटरच्या आसपास हवा मागतं. आता मेनिफोल्डच्या, म्हणजे कार्ब आणि हेड जोडणाऱ्या नळीच्या, रबराला केसाएवढी चीर असेल तर ६०० लिटरमध्ये तिचा पत्ताही लागत नाही, वर तेव्हा खेचही कमी असते, पण आयडलला तीच चीर एकूण हवेचा चांगला मोठा हिस्सा होऊन बसते. म्हणून अशी गाडी हायवेला मस्त पळते आणि सिग्नलला त्रास देते. वेगात छान चालते म्हणजे लीक नाही, असा अर्थ कधीच काढू नका.

थंड आणि गरम इंजिनमधला फरकही इथूनच येतो. चीरेतून आलेल्या हवेबरोबर पेट्रोल येत नाही, त्यामुळे मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. थंड इंजिनला रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, मिश्रण लागतं म्हणून ते बंद पडतं, मग आपण चोक लावतो किंवा आयडल स्क्रू आवळून रेस वाढवतो. इंजिन गरम झालं की तेच लीन मिश्रण त्याला चालायला लागतं, जास्तीची हवा मिळतच असते, धातू आणि रबर तापून फटही बदलते, आणि सकाळी वाढवलेला स्क्रू आता जास्त होतो. मग आपण स्क्रू कमी करतो, दुसऱ्या दिवशी सकाळी परत गाडी बंद. रोज स्क्रूशी खेळावं लागतंय हेच लीकचं सगळ्यात मोठं लक्षण आहे. पायलट जेट अर्धवट तुंबला तरी गाडी लीन होते, थ्रॉटल सोडल्यावर फटफट करते, पण ती तक्रार रोज सारखीच असते. लीक मात्र तापमानाबरोबर आणि कार्ब हातात धरून हलवला की बदलतो.

फवाऱ्याचा डबा हातात घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघून घ्या, पाच मिनिटं लागतात. गाडी आयडलला ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा, रेस बदलली तर ॲक्सिलेटरची केबल ताणलेली आहे किंवा चुकीच्या बाजूने नेलेली आहे, लीकच्या मागे लागू नका. मग इंजिन गरम असताना आयडल स्क्रू पूर्ण सैल करा. केबलला फ्री प्ले आहे, स्लाइड किंवा बटरफ्लाय पूर्ण बंद होतेय, तरी इंजिन पंधराशेवर आरामात चालत राहिलं तर त्याला हवा दुसरीकडून मिळतेय हे जवळपास नक्की झालं. तिसरं म्हणजे रेस लटकलेली असताना चोक थोडासाच ओढून बघा. आयडल शांत होऊन खाली आलं तर मिश्रण लीन होतं. आणि एक्झॉस्टचा पाइप हेडला जिथे मिळतो तिथली पॅकिंग गेली असेल तरी थ्रॉटल सोडल्यावर फटफट होते, तिथे काळी काजळी दिसतेय का तेही बघा. पण त्या पॅकिंगमुळे आयडल चढत नाही, हा फरक लक्षात असू द्या.

आता मुख्य शोध. गाडी उघड्या जागेत, मेन स्टँडवर लावा, टाकी काढता आली तर उत्तम, नाहीतर निदान साइड पॅनल काढा. कार्ब क्लीनरच्या डब्याला ती बारीक नळी लावा आणि एका वेळी एकाच सांध्यावर अर्ध्या सेकंदाचा फवारा मारा, मग तीन सेकंद थांबा आणि कान द्या. आवाज बदलला की तिथे लीक, मग रेस वाढो किंवा गाडी घुटमळो. बहुतेक लोक घाईत सगळीकडे एकदम मारतात आणि मग रेस बदलली तरी कुठल्या फटीमुळे ते कळत नाही. दुसरी चूक म्हणजे फिल्टरच्या बाजूला फवारा जातो, तो सरळ कार्बच्या तोंडातून आत शिरतो आणि लीक नसतानाही रेस बदलते. म्हणून हेडच्या बाजूने सुरुवात करा, आधी मेनिफोल्ड आणि हेडचा सांधा, मग रबराची खालची बाजू, मग रबर आणि कार्बचा सांधा, शेवटी बटरफ्लायच्या दांड्याची दोन्ही टोकं.

आगीबद्दल स्पष्ट सांगतो, कारण हे काम करताना गाडी पेटलेली मी समोर पाहिली आहे. कार्ब क्लीनर झटकन पेट घेतो, खाली एक्झॉस्टचा पाइप तापलेला असतो आणि प्लगची वायर किंवा कॅप जुनी असेल तर तिथून ठिणगी उडते. अंधारात इंजिन चालू करून वायरवर ठिणग्या दिसतात का ते आधी बघा, आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. ब्रेक क्लीनर वापरायचाच असेल तर क्लोरीनवाला अजिबात नको, तो गरम धातूवर किंवा ज्वाळेत विघटित होऊन फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. मला विचाराल तर पहिला प्रयत्न साध्या पाण्याने करा. झाडांवर मारायच्या स्प्रेची बाटली घ्या, बारीक धार सांध्यावर मारली की पाणी फटीत क्षणभर बसतं, हवा अडते आणि आयडल लगेच बदलतं. फरक कार्ब क्लीनरइतका ठळक नसतो, कान जास्त लागतो, पण पेटायचं भय नाही. एअर कूल्ड इंजिन असेल तर समोर पंखा लावा आणि एका वेळी तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त उभ्यावर चालवू नका. मात्र पंखा आणि फवारा एकत्र नको, वाऱ्याने फवारा भलतीकडेच जातो.

ही टेस्ट थंड आणि गरम दोन्ही इंजिनवर करा. एक गाडी माझ्याकडे आली होती, तीन ठिकाणी दाखवून झालेली, सगळ्यांनी फवारा मारून लीक नाही असंच सांगितलेलं. मीही थंड इंजिनवर मारला, काहीच नाही. मग वीस मिनिटं चालवून आणली आणि आयडलला असतानाच कार्ब मुठीत धरून हळूच खाली दाबला. रेस पटकन चारशे-पाचशेने वर गेली, सोडला की खाली. मेनिफोल्डचं रबर काढलं तर वरून काळंभोर, एकसंध, नवीन म्हणून खपलं असतं. अंगठ्याने आतून बाहेर ढकललं तेव्हा तळाला, रबर जिथे ॲल्युमिनियमच्या फ्लँजला (हेडवर बोल्टने बसणाऱ्या चपट्या कडेला) चिकटवलेलं असतं तिथे, नखाएवढी लांब चीर तोंडासारखी उघडली. अंगठा काढला की बंद. बहुतेक रबरं तिथेच जातात, कारण कार्बचा सगळा भार आणि इंजिनाची थरथर त्याच कडेवर येते, आणि तळाची बाजू असल्यामुळे ती दिसत नाही. तेव्हापासून मी कुठलंही रबर नुसतं बघून पास करत नाही, काढून, उजेडासमोर धरून, चारी बाजूंनी वाकवून बघतो.

रबर ठीक निघालं तर बारीक नळ्यांकडे वळा. व्हॅक्यूमवर चालणारा पेट्रोल कॉक असेल तर त्याची नळी, दोन-चार सिलिंडरच्या गाडीला कार्ब सिंक करायच्या निपलवरच्या रबरी टोप्या, एक्झॉस्टमध्ये हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी. या टोप्या वर्षानुवर्षं उन्हात आणि उष्णतेत कडक होऊन खालून फाटतात आणि वरून शाबूत दिसतात. इंजिन चालू ठेवून एकेक नळी नाकाच्या पकडीने, मध्ये कापड घेऊन, निपलच्या जवळ चिमटा. चिमटल्यावर आयडल जागेवर आलं तर फट त्या नळीत किंवा तिच्या पुढे आहे. कॉकची नळी काढल्यावर तिच्यात ओलं पेट्रोल दिसलं तर कॉकचा डायफ्राम फाटलाय, मात्र त्याने गाडी रिच होते, लीन नाही, आणि पेट्रोल सिलिंडरमधून इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं, म्हणून ते आधी बघा. सीव्ही कार्बचा (ज्यात स्लाइड इंजिनाच्या खेचेने आपोआप वर जाते) वरचा मोठा डायफ्राम फाटला तर आयडलला फारसं कळत नाही, गाडी वर ओढत नाही. तो वेगळा रोग आहे, याच्यात मिसळू नका.

तरीही काही सापडलं नाही तर गाडी बंद करून दाबाने तपासायचं. पिस्टन कंप्रेशनच्या वरच्या टोकाला आणा म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात, कार्ब आणि मेनिफोल्ड जागेवर ठेवून कार्बचं फिल्टरच्या बाजूचं तोंड रबराने बंद करा, फ्लोट चेंबरच्या (कार्बखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) हवेच्या नळ्याही बंद करा, आणि मेनिफोल्डच्या एखाद्या निपलमधून तोंडाने किंवा सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा द्या. सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा. जिथे फुगे येतील ती जागा. जोर लावू नका, फ्लोट चेंबर रिकामं असू द्या. धूर सोडायचं मशीन मिळत असेल तर अजून सोपं, धूर स्वतःच वाट दाखवतो.

आता दुरुस्ती, आणि इथेच सगळ्यात जास्त कामं फसतात. कॉक बंद करा, फ्लोट चेंबरचं पेट्रोल काढा, दोन्ही क्लॅम्प पूर्ण सैल करा, एअरबॉक्स मागे सरकवून जागा करा आणि कार्ब डावी-उजवीकडे फिरवत बाहेर घ्या, टॉमी लावून उचकटू नका, तेवढ्याने चांगलं रबरही फाटतं. कार्ब निघाला की पहिलं काम, हेडच्या तोंडात स्वच्छ कापड. त्यात पडलेला एक वॉशर म्हणजे हेड खोलायचं काम. मेनिफोल्डचे स्क्रू जपानी गाड्यांवर असतील तर ते फिलिप्ससारखे (साध्या अधिक खुणेच्या खाचेचे) दिसतात पण जेआयएसचे, म्हणजे जपानी मानकाच्या खाचेचे, असतात, साधा स्क्रूड्रायव्हर लावला की तो वर उचलला जातो आणि स्क्रूचं डोकं खातो. जेआयएसचा बिट घ्या, आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा, मग इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडीचे हलके ठोके. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्क्रू तुटला तर एका तासाचं काम दोन दिवसांचं होतं, म्हणून इथे सबुरी ठेवा.

मेनिफोल्ड हातात आला की ओ-रिंग बघा. चांगली ओ-रिंग कापली तर गोल दिसते, जुनी चपटी होऊन खोबणीच्या पातळीला येते, बोट फिरवलं तर खोबणीच्या वर काही लागतच नाही, म्हणजे ती काहीच दाबत नाहीये. नवीन घेताना नुसता व्यास जुळवून चालत नाही, जाडी जुळली पाहिजे आणि मटेरियल पेट्रोल सोसणारं हवं, नायट्राइल चालतं, व्हायटॉन असेल तर उष्णतेला आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जास्त टिकतं. पाण्याच्या नळाची ओ-रिंग तिथे फुगते नाहीतर विरघळते.

पण नवीन ओ-रिंग टाकूनही लीक राहतो, आणि लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट निघाला. बहुतेक वेळा दोष फ्लँजचा असतो. दोन बोल्टचा फ्लँज कुणीतरी कधीतरी जीव खाऊन आवळलेला असतो, बोल्टजवळची दोन टोकं हेडकडे वाकतात आणि मधला भाग कमानीसारखा वर राहतो. फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरा आणि मागून टॉर्च मारा. पट्टीखालून मध्यभागी उजेडाची रेघ दिसली की उत्तर मिळालं. जाड काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरा, दोन थेंब ऑइल टाका आणि फ्लँज इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने फिरवा. सुरुवातीला फक्त दोन्ही टोकं चमकतील, मधला भाग काळाच राहील, मग हळूहळू चमक आत सरकत येते. पूर्ण पृष्ठभाग एकसारखा चमकला की थांबा, कारण खोबणीची खोलीही कमी होतेय. ओ-रिंग खोबणीतून काढूनच हे करायचं आणि नंतर पेट्रोलने धुवून एकही कण शिल्लक ठेवायचा नाही. मध्ये बॅकेलाइटचा ठोकळा असेल तर तोही तसाच पट्टी लावून तपासा, दोन्ही बाजूंनी. तो कार्बपर्यंत उष्णता जाऊ नये म्हणून असतो, त्याला तडा असेल तर बदलायचा, चिकटवायचा नाही. हेडच्या बाजूला चिकटलेली जुनी कागदी पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी पात्याने पडलेला एक ओरखडा म्हणजे नवीन लीक.

सिलिकॉन सीलंट इथे लावू नका, मी हात जोडून सांगतो. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून मऊ पडतं, सुटलेला तुकडा आत ओढला जातो, आणि पुढच्या माणसाला फ्लँजचा वाकडेपणा दिसतच नाही कारण तो त्या थराखाली लपलेला असतो. ओ-रिंगच्या सांध्याला ओ-रिंगशिवाय काहीच लागत नाही. कडक झालेलं रबर विंटरग्रीन ऑइल आणि झायलीनमध्ये भिजवून मऊ करतात, ते खरंच मऊ होतं आणि कार्ब बसवायला सोपं जातं, पण चीर त्याने भरत नाही. घरी पोचण्यापुरतं स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट चढवून वरून क्लॅम्प मारा, तोवर ठीक. घरी पोचल्यावर रबर बदलाच.

बसवताना रबराच्या आत साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात, पेट्रोलियम ग्रीस नको. कार्ब पूर्ण आत गेला की त्याची कड रबराच्या आतल्या खाचेत बसल्याचं हाताला कळतं, तळाची बाजू आरशाने बघा, कारण वरून बसलेला आणि खालून दोन मिलिमीटर बाहेर राहिलेला कार्ब मी कितीतरी वेळा पाहिलाय. क्लॅम्प रबराच्या खोबणीत सरळ बसला पाहिजे, कडेवर चढला की तिरका दाबतो. बोल्ट दोन्ही बाजूंनी आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला ॲल्युमिनियममध्ये साधारण १० न्यूटन मीटर पुरे असतात, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. लीक बंद व्हावा म्हणून अजून अर्धा फेरा, या विचारानेच फ्लँज वाकतात आणि आटे जातात.

फवारा बटरफ्लायच्या दांड्यावर मारल्यावर रेस बदलली असेल तर काम वेगळं आहे. दांडा बोटांनी वर-खाली हलवून बघा. नुसतं सील गेलं असेल तर नवीन सील पुरतं, पण खटखट जाणवत असेल तर कार्बच्या बॉडीतलं भोक झिजलंय, तिथे बुश घालावा लागतो आणि ते काम लेथवाल्याकडेच द्या. बटरफ्लायचे ते दोन बारीक स्क्रू मागून ठोकून पसरवलेले असतात. ते काढले तर परत लावताना थ्रेडलॉकर लावून नीट पक्के करा, कारण सैल झालेला स्क्रू जाणार तो सरळ व्हॉल्व्हवरच.

टू-स्ट्रोक असेल तर एक गोष्ट जास्तीची. तिच्यात पेट्रोल क्रँककेसमधून जातं, त्यामुळे मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक सील गेलं तरी ती हवा खेचते आणि लक्षणं अगदी मेनिफोल्डसारखीच येतात. तिथे लीन चालवणं जास्त महागात पडतं, कारण पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पोचतं आणि पिस्टन पकडतो. मेनिफोल्ड चांगला असून रेस लटकत असेल तर चालवणं थांबवा, इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसला साधारण ०.४ बार दाब द्या आणि काही मिनिटं धरतोय का ते बघा.

सगळं बसलं की मगच सेटिंग. पायलट जेट कंपनीचा, मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकवून मॅन्युअलमध्ये दिलेत तितके फेरे बाहेर. स्क्रू कार्बच्या इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर फिरवला की रिच होतं. फिल्टरकडे असेल तर हवेचा, आत फिरवला की रिच. स्क्रूच्या टोकालाही एक छोटी ओ-रिंग असते, साफ करताना ती हरवली तर तिथूनही हवा जाते, तुमचा कार्ब दोनदा उघडलाय म्हणून ती नक्की बघा, वॉशर आणि स्प्रिंगसकट. इंजिन पंधरा मिनिटं चालवून पूर्ण गरम करा, मिक्स्चर स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत जिथे रेस सगळ्यात जास्त आणि एकसारखी लागते ती जागा शोधा, आणि मग आयडल स्क्रूने मॅन्युअलच्या आकड्यावर आणा. आता चार हजारापर्यंत रेस देऊन एकदम सोडा. एक-दोन सेकंदांत सरळ खाली येऊन थांबली पाहिजे. मग गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी आयडल स्क्रूला हात न लावता सुरू करा, आणि चोक किती वेळात सोडता येतो ते मला कळवा.